दोनदा म्हटलं तर सावकाश

मंगळवार, ८ जानेवारी

— आणि मी अंगण झाडत होते. हरमॅटन वाऱ्याची धूळ, झाडून संपते थोडीच! केळी निखाऱ्यावर टाकलेली, एका अंगाने करपायला आलेली. नळाला पाणी आलेलं म्हणून बादल्यांची घाई. पहिली बादली न्हाणीकडे नेत होते, तेवढ्यात क्वाकू म्हणाला, "आधी तिला."

तिला म्हणजे गाडीला.

"आणि मी पारोशी राहू?"

"तू बोलून दाखवतेस. ती बिचारी उकळी फुटेपर्यंत तोंड उघडत नाही."

बॉनेट वर, डोकं आत. तिथूनच ओरडला, "केळं जळतंय!"

झालं. एवढंच. त्या सकाळी काही घडलं नाही. पण आठवते तीच. तो गेला त्या दिवशीची सकाळ आठवायला बसले तर धड काही सापडत नाही.

आज आठवायचं कारण — आज तो गेल्यापासून पहिल्यांदा मी गाडीत पाणी घातलं. आंब्याखाली उभी होती. काचेवर वटवाघळांची घाण, चाकांजवळ वाळवी. मागच्या काचेवर त्याने रंगवून घेतलेली अक्षरं मात्र शाबूत: ब्रेब्रे. आमच्या भाषेत 'ब्रे' म्हणजे दमणं. एकदा म्हटलं तर दमणं, दोनदा म्हटलं तर सावकाश.

शेजाऱ्यांकडून बॅटरी भरून आणली. सुरू झाली! खोकली, थरथरली, पण झाली. मी आपली आनंदात. तोवर काटा चढायला लागला. चढता चढता तांबड्यापाशी गेला आणि लाल दिवा लागला. बंद केली.

बिरागो वन्सं रविवारी येऊन गेल्या. क्वाकूची थोरली बहीण, घरात शब्द त्यांचाच. म्हणाल्या, "वर्षश्राद्धाला मांपोंगला सगळे जमणार. गाडीचा निकाल तिथेच." आमच्यात मामाचं भाच्याकडे जातं. भाचा म्हणजे त्यांचा ओफोसू. मी म्हटलं, आता कायदा आहे, बायकोलाही वाटा आहे, मी वाचलाय.

"वाचला असशील. पुस्तकवाली तू." मग म्हणाल्या, "हे बघ. तू ती चालवत घाट चढून आलीस तर ती तुझ्या पोटाची गाडी, कोणी हात लावणार नाही. दोरीने ओढत आणलीस तर ती मेलेल्याची वस्तू. मग ओफोसूची."

ओफोसू ती विकणार. शंभरदा बोलून दाखवलंय त्याने.

गाडी गेली तर एजुराहून विकायला यामचे कंद आणायचे ते दुसऱ्याच्या ट्रकने. मग उरतं काय? नुसती पाठदुखी.


गुरुवार, १० जानेवारी

मॅगझीनला नेली, गॅरेजांच्या वस्तीत. सगळ्या कुमासीचे फिटर तिथेच. अर्ध्या वाटेत दोनदा थांबले, दोनदा निवू दिली. मागचे हॉर्न वाजवत होते, एक म्हणाला, "आजी, गाडी चालवतेस की वरात काढतेस?" आजी! सुतकाचे काळे कपडे बघून म्हणाला असेल.

मास्टर बोआतेंग क्वाकूचा जुना फिटर. बॉनेट उघडून आधी क्वाकूसाठी हळहळला, मग गाडीसाठी. दुसरी हळहळ जास्त खरी वाटली. "रेडिएटर तुंबलाय, वहिनी. उभी राहिली की चिखल होतो आत." उतरवून रेडिएटरवाल्याकडे पाठवला.


शनिवार, १२ जानेवारी

आजही नाही. "उद्या." उद्या रविवार, हे त्यालाही माहीत आहे.


मंगळवार, १५ जानेवारी

रेडिएटर बसवला. रस्ता मोकळा होता तोवर काटा शहाण्यासारखा मधोमध. सुआमेच्या चौकात गर्दीत अडकले आणि चढला. लाल दिवा. परत.

मॅगझीनची रीत अशी की इंजिनवाला तारेला हात लावणार नाही, तारवाला पाण्याला हात लावणार नाही. रेडिएटरवाला म्हणाला, "माझा माल चोख. तारेचं काम आहे." बोआतेंग म्हणाला, "तार कशाला बघायची, पाणीच कमी घातलं असेल वहिनींनी." मी दोघांच्या मध्ये, हातात पिवळा कॅन. दोघंही माझ्याशी बोलत नव्हते, एकमेकांशी बोलत होते. माझ्या डोक्यावरून.

घरी आले. पायांत गोळे. पडवीत दिवा लावायला हात भिंतीवर गेला — अजूनही जातो! — आणि बटणाच्या जागी भोक. कित्येक वर्षं ते बटण नाही. "जळलं," म्हणाला होता क्वाकू, "नवीन आणतो." आणलं नाही. आता त्या भोकात पाल राहते. बिचकून हात काढला.

भाजीपाल्याच्या रद्दीतून मी एकदा एक पुस्तक वाचवलं होतं, गाडी दुरुस्तीचं. मधली पानं शेंगदाणे बांधण्यात गेलेली. दुसऱ्याच गाडीचं आहे. पण पाणी सगळ्यांचं सारखंच उकळतं. डिक्शनरी घेऊन बसले. लिहिलंय: गाडी धावताना थंड आणि उभी असताना गरम, तर आधी पंखा बघा.

पंखा! आठ दिवसांत पंखा कोणी बघितला? मीही नाही.


शुक्रवार, १८ जानेवारी

दुफिएकडे गेले. मॅगझीनमधली एकटी बाई तारवाली. तोंडात दातण, कमरेला पक्कड. मी म्हटलं, पंखा फिरत नाही. ती म्हणाली, "कोणी सांगितलं?"

"पुस्तकात—"

"पुस्तकाला विचारलंस, गाडीला विचारलंस का?"

बॅटरीपासून दोन तारा थेट पंख्याला लावल्या. भर्रकन फिरला. माझ्या तोंडावर वर्षभराची पानं आणि एक मेलेला टोळ उडाला. दुफिए खो खो हसली. "पंखा जिवंत आहे, ताई. त्याला उठवणारा मेलाय."

रेडिएटरच्या बगलेत एक टोपणासारखा स्विच असतो. पाणी तापलं की तो पंख्याला हाक मारतो. त्याच्या तारा तिने ओढल्या, तर कापलेल्या! कापून, चिकटपट्टी गुंडाळून, दुसरीकडे वळवलेल्या. ती तार धरून धरून आत गेली, पेडलजवळ डोकं घातलं, पाय बाहेर. मग म्हणाली, "ताई, तुझ्या घरात एखादं बटण कमी आहे का?"

मी खाली वाकले. डॅशबोर्डखाली, दाराच्या बाजूला, खिळ्यांनी ठोकलेलं. पांढरं. कोपऱ्यावर टवका उडालेला — माझाच मुसळाचा घाव. पडवीचं बटण.

"दाब," ती म्हणाली. दाबलं. पुढे पंखा फिरायला लागला.

घाट आला की क्वाकूचा डावा हात गुडघ्यापाशी जायचा. मी शेजारी पेपर वाचून दाखवत असायची, त्याला वाचता येत नव्हतं. म्हणायची, "खरूज झालीय का तुला? सारखा खाजवतोस." तो म्हणायचा, "तू पुढे वाच."

परत येताना मीच दाबत आले. काटा मधोमध. एकटी हसत होते गाडीत. हसता हसता कुठल्याशा वळणावर डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाजूला घेतली. पंखा चालूच ठेवला.


सोमवार, २१ जानेवारी

गाडी बाजारात नेली. यामचा ढीग मागे. फुटबॉलचा चषक भरलाय देशात, प्रत्येक गाडीला झेंडा. एक पोरगी माझ्याही आरशाला बांधायला आली, मग काळे कपडे बघून थांबली. मी म्हटलं, बांध.

तिच्याशी बोलण्यात बटण दाबायचं राहिलं. कळलं तेव्हा वाफ. बॉनेटमधून पांढरा लोट. लोक पळाले, एक पास्टर तेवढा मदतीला धावला, आणि त्यानेही प्रार्थनाच केली. मी घाईने फडकं घेऊन झाकण उघडलं.

पुस्तकात लिहिलंय उघडू नये. मी ते दोनदा वाचलं होतं!


मंगळवार, २२ जानेवारी

हात भाजलाय. लिहवत नाही.


गुरुवार, २४ जानेवारी

डाव्या हाताने लिहितेय, अक्षर कोंबडीचं आहे. असो, कोण बघतंय.

वन्संना कळलंच. ओफोसू आला होता "हात बघायला." तीस वर्षांचा घोडा, दुसऱ्याची टॅक्सी चालवतो. हात बघितला, मग गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारून बघितली. "मामी, कशाला स्वतःला भाजून घेतेस? भंगारवाल्याशी बोललोय मी."

"तुझा मामा बोलला असता का?"

"मामाला ऐकू यायचं गं. इंजिन जड झालं की त्याला कळायचं. तुला येतं का ऐकू?"

नाही येत. खरं तेच बोलला. काल तासन्‌तास काच खाली करून ऐकत बसले. मला सगळं सारखंच वाटतं. मी वाचणारी. ऐकणारा तो होता.

दुफिएला तेच सांगितलं. ती म्हणाली, "मग गाडीला तिचं स्वतःचं डोकं परत देऊ. स्विच नवा बसवते. आणि थर्मोस्टॅट कुठाय?"

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं दार. गार असताना बंद, तापलं की उघडतं, पाणी रेडिएटरकडे सोडतं. आमच्या गाडीत ते नाहीच. बोआतेंगला विचारलं, तर छाती पुढे काढून म्हणाला, "मीच काढलं! आल्या आल्या काढतो मी सगळ्यांचं. थंड देशातली वस्तू ती. इथे कुठाय थंडी? तो हीटरही काढणार होतो, क्वाकू नको म्हणाला."

मी पुस्तक पुढे केलं. लिहिलंय, काही गाड्यांत ते काढलं की आडवाट उघडी राहते. गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरतं.

"दुसऱ्या गाडीचं पुस्तक आहे तुमचं."

"पण मास्टर, आडवाट हिलाही आहे. ही बघा नळी."

त्याने नळी बघितली. मान खाजवली. "वीस वर्षं काढतोय मी, वहिनी. कोणी परत आलं नाही."

दुफिए दातण काढून म्हणाली, "परत यायला गाडी चालावी लागते, मास्टर." तोही हसला शेवटी. राग धरणारा माणूस नाही.

मी विचारलं, काढलेलं तुम्ही फेकता का? म्हणाला, "क्वाकूने मागून नेलं. पितळेचं होतं ना."


शनिवार, २६ जानेवारी

सापडलं! सापडलं म्हणजे काय, रोज डोळ्यांसमोर होतं. वीज गेली की मेणबत्ती ज्याच्यावर लावते ती बैठक! गोल, पितळी, मेणाच्या ओघळांनी मढलेली. "तुझ्यासाठी आणलंय," म्हणाला होता. "वाचायला."

पुस्तकात लिहिलंय, उकळत्या पाण्यात टाकून बघा. आज सुपाचं भांडं रिकामं केलं, पाणी ठेवलं, दोरीला बांधून आत सोडलं. दुफिए आली होती, स्टुलावर बसून शेंगा खात होती. आधी बाहेरचं मेण सुटलं आणि वर तरंगायला लागलं. कित्येक संध्याकाळींचं मेण. मग काहीच नाही. मी म्हटलं, मेलंय.

"थांब," दुफिए म्हणाली. "घाई कसली?"

पाण्याला बुडबुडे आले. आणि त्याचं तोंड उघडायला लागलं. इतकं हळू, की हलतंय ते दिसत नाही, हललंय एवढंच दिसतं. मी बोलून गेले, "ब्रेब्रे."

त्याच्या पोटातही मेणच असतं म्हणे. तापलं की फुगतं आणि दार ढकलतं. हे मला आधी कळलं असतं तर क्वाकूला सांगितलं असतं. त्याला आवडलं असतं. असल्या गोष्टी मनात साचत राहतात, वर्ष झालं, आणि द्यायच्या कुणाला?


मंगळवार, २९ जानेवारी

दार बसवलं. नवा स्विच बसवला, म्हणजे भंगारातल्या गाडीचा जुना. अंगणात गाडी उभी करून चालू ठेवली. काटा चढला. मी पदराचं टोक चावत उभी. चढला, चढला — आणि पंखा आपणहून फिरायला लागला! कोणी हात लावला नाही. थोड्या वेळाने आपणहून थांबला. पुन्हा लागला.

दुफिए पक्कड घेऊन आत वाकली. "आता हे बटण काढते."

मी म्हटलं, नको.

"ताई, त्याचं काम संपलं."

"असू दे."

तिने माझ्याकडे बघितलं. दोन्ही तारा एकत्र जोडल्या. आता स्विचने हाक मारली तरी पंखा उठेल, बटणाने मारली तरी उठेल. जाताना म्हणाली, "तुझी गाडी आहे. पण दोन डोकी एका घरात, लक्षात ठेव."


शनिवार, २ फेब्रुवारी

निघतोय. ओफोसू शेजारी बसणार. वन्संनी धाडलाय, साक्षीला. कॅन भरलेत. बुटात खडा गेलाय, तो काढायलाही वाकवत नाही, इतकी थकलेय आधीच.


रविवार, ३ फेब्रुवारी, मांपोंग

चर्चहून आलोय. सुतक फिटलं, काळं उतरवून पांढरं नेसलेय, वर्षाने. अंगाला परकं वाटतंय. कालचं लिहायचं राहिलं.

घाटाच्या पायथ्यापर्यंत ठीक. ओफोसू सारखा काट्याकडे बघत होता, जणू त्याला पगार मिळणार आहे. घाटात पुढे ओंडक्यांचा ट्रक. पुढे जायला जागा नाही. पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने. काटा हलला.

"मामी."

"बघतेय."

"मामी, चढतोय तो!"

माझा डावा हात खाली गेला. बटणावर बोट ठेवलं. दाबणार, तेवढ्यात — ऐकू आलं. मला! ट्रकच्या घरघरीत, ओफोसूच्या बडबडीत. पंखा आधीच फिरत होता. आपणहून. बटण दाबून काहीच वाढणार नव्हतं.

काटा तरी चढतोच. लाल दिवा लुकलुकला. ओफोसू म्हणाला, "थांबव. थांबव, दोरी आणतो मी." तसा आवाजात आनंद नव्हता त्याच्या, हे खरं लिहिलं पाहिजे. घाबरला होता.

मला पुस्तकातलं एक पान आठवलं. मी हीटर पूर्ण उघडला. इंजिनाची सगळी धग आमच्या गुडघ्यांवर.

"मामी! वेड लागलं का? भर फेब्रुवारीच्या उन्हात!"

"काच खाली कर."

"जळतोय मी!"

"तू जळ, पण ती जळता कामा नये."

काळ्या जाड कपड्यांत दोघं. घाम डोळ्यांत. त्याने वरचं वस्त्र फेडून खिडकीबाहेर धरलं, ते झेंड्यासारखं फडफडत होतं. मागचे लोक त्याला जल्लोष समजून हॉर्न वाजवायला लागले! मी हसायला लागले. तोही. हसत होतो आणि शिजत होतो. "थंड देशातली वस्तू," मी म्हटलं. त्याला काय कळणार. दिवा गेला. काटा उतरला, अगदी सावकाश.

मांडवासमोर गाडी उभी केली तेव्हा आम्ही दोघं नदीतून काढल्यासारखे. सगळे बघत राहिले. वन्सं उठल्या. गाडीला पूर्ण वळसा घातला, बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसून काढला. मला वाटलं आता काही टोचून बोलतील.

माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "वाब्रे." दमलीस. शेतावरून घरच्या माणसाने यावं तेव्हा हे म्हणतात. मला त्यांनी आजवर कधी म्हटलं नव्हतं.

मग ओफोसूकडे वळून, "आणि तू रे? आंघोळ करून आलास वाटेत?"

तो म्हणाला, "आई, गाडी तिचीच आहे. मला फुकट दिली तरी नको."


सोमवार, ४ फेब्रुवारी

घरी आले. गाडीतलं बटण काढलं आणि पडवीच्या भिंतीत बसवलं. पाल आपणहून गेली. तिन्हीसांजेला दिवा लावला.